हुशार यंत्र आणि आपले नेतृत्व

गेल्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे एक प्रशिक्षण झाले. विषय होता, ‘एआयच्या युगात महिलांचा व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व आणि नवोपक्रम’. बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव, काही अंगणवाडी सेविका, दोन-तीन ग्रामपंचायत सदस्य आणि आमच्यासारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या अशा चाळीसेक जणी होतो. जेवण चांगले होते, दप्तर-पेन मिळाले, पडद्यावर चित्रे सुंदर होती. प्रशिक्षक तरुण आणि उत्साही होते. दोन दिवसांत त्यांनी आम्हाला जे सांगितले त्याचे सार एवढेच : कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती थांबणार नाही, जी बाई शिकेल ती पुढे जाईल, जी शिकणार नाही ती मागे राहील. म्हणून प्रत्येकीने स्वतःत बदल घडवावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रश्नोत्तराच्या वेळी, मागच्या रांगेतली साठीची एक बाई उठली. गेली पंचवीस वर्षे तिने गावात दारूबंदीपासून रेशनपर्यंत सगळ्या लढाया केल्या आहेत. ती म्हणाली, “सर, या यंत्राला आमचं म्हणणं कळतं, का आमचं म्हणणंच आम्ही याला कळंल असं करून घ्यायचं?”

सगळ्या हसल्या. सरही हसले. “छान प्रश्न आहे,” म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या प्रश्नाचे उत्तर मी तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते. ते आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. चळवळीच्या मासिकात आपण इतरांच्या चुका पुष्कळ लिहितो, या खेपेला माझी.

नणंद कुठे गेली?

मी एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात काम करते. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेऊन बाया येतात. मार्च महिना संपत आला की देणगीदारांना अहवाल पाठवायचा असतो, तोही इंग्रजीत, आणि त्यात ‘यशोगाथा’ हव्या असतात. त्या वर्षी दोनच कार्यकर्त्या उरल्या होतो. रात्रीचे अकरा वाजले होते. मी एका बाईची केस फाईल उघडली, मराठीतल्या माझ्या सगळ्या नोंदी चॅटजीपीटीत टाकल्या आणि चारशे शब्दांची इंग्रजी यशोगाथा मागितली. अर्ध्या मिनिटात मिळाली. भाषा माझ्यापेक्षा चांगली होती. मी ती अहवालात घातली आणि झोपले.

त्या बाईला मी इथे नुसते अक्का म्हणते. पुढच्या आठवड्यात अक्का केंद्रावर आल्या. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कुणाबद्दल काही बाहेर लिहिले तर ते तिला वाचून दाखवायचे. मी इंग्रजी मजकूर समोर धरून मराठीत सांगत गेले. अक्का शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “ताई, चांगलं लिवलंय. पण यात माझी नणंद कुठाय?”

मी पुन्हा पाहिले. खरेच, नणंद नव्हती. ज्या रात्री अक्का दोन मुलींना घेऊन घराबाहेर पडल्या, त्या रात्री त्यांना दार उघडले ते सख्ख्या नणंदेने. भावाच्या विरोधात जाऊन तिने तीन दिवस भावजयीला माळ्यावर लपवले. चौथ्या दिवशी गल्लीतल्या सात बाया मिळून पोलीस ठाण्यात गेल्या, तोवर आमच्या संस्थेचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. आम्ही आलो पंधरा दिवसांनी. यंत्राने लिहिलेल्या गोष्टीत मात्र एक ‘पीडिता’ होती, ती ‘असहाय’ होती, मग ‘संस्थेने हस्तक्षेप’ केला, तिला ‘समुपदेशन’ मिळाले, ती ‘सक्षम’ झाली आणि आता शिवणकाम करून ‘आत्मविश्वासाने’ जगत होती. नणंद गेली, सात बाया गेल्या, माळा गेला. उरलो आम्ही.

माझ्या नोंदीत नणंदेचा उल्लेख चार ठिकाणी होता. यंत्राने तो मुद्दाम काढला असे नाही. या यंत्राने लाखो पाने वाचलेली आहेत आणि यशोगाथा म्हटली की तिच्यात साधारण काय येते हे त्याला पाठ आहे. त्या साच्यात नणंद ही छळणारी असते, लपवणारी नसते. म्हणून ती गळून पडली.

पण मैत्रिणींनो, तो साचा यंत्राने कुठून घेतला? आपल्याकडूनच. गेली तीस वर्षे आपण संस्थावाल्यांनी देणगीदारांसाठी असल्याच गोष्टी लिहिल्या आहेत. एक बिचारी बाई, एक कर्तबगार संस्था, शेवटी शिलाई मशीन. यंत्राने फक्त आपली वही आपल्याला वाचून दाखवली. म्हणून ‘एआयने घोळ केला’ असे म्हणून मला हात झटकता येत नाहीत.

दुसरी चूक त्याहून गंभीर होती आणि ती सर्वस्वी माझी होती. त्या नोंदींत अक्कांचे नाव होते, गाव होते, नवऱ्याचा व्यवसाय होता, मोठ्या मुलीची शाळा होती. ते सगळे मी एका परदेशी कंपनीच्या यंत्रात टाकले. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला बिएस्टेकची सात तत्त्वे शिकवली होती. १९५७ सालचे पुस्तक, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. त्यातले गोपनीयतेचे तत्त्व आणि व्यक्तीच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व मी आजही झोपेत सांगेन. कपाटाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवणारी मी, त्याच कपाटातली फाईल रात्री अकरा वाजता खिडकीतून बाहेर देत होते. अक्कांची परवानगी घ्यावी असे माझ्या मनातही आले नाही. कारण समोर माणूस नव्हते, यंत्र होते. यंत्राला सांगणे म्हणजे कुणालाच न सांगणे, असा माझा समज होता.

आपली ‘वाढ’ कशाला म्हणतो?

या प्रसंगानंतर त्या प्रशिक्षणातला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द मला वेगळा ऐकू येऊ लागला. हा शब्द आपल्याला नवीन नाही. १९९० नंतर तो शाळा-कॉलेजांत, बँकांत आणि मग बचत गटांतही आला. त्याचा अर्थ असा की अडचण तुझ्यात आहे. बोलायला शीक, आत्मविश्वास आण, वेळेचे नियोजन कर. जिचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू होतो आणि रात्री भांड्यांपाशी संपतो, तिला वेळेचे नियोजन शिकवणारे मी पुष्कळ पाहिले. तिच्या घरी नळ का नाही, भांडी एकटीच का घासते, हे विचारणारे थोडे. आता त्याच यादीत ‘एआय शीक’ हे वाढले आहे.

शिकू नये असे मी म्हणत नाही. पण शिकण्याआधीचा प्रश्न आहे, फोन कुणाच्या हातात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. हे आकडे आज सुधारले असतील, पण घरातला फोन चार्जिंगला कुठे लागतो, त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक असतो आणि बाईने फोनवर हसले तर काय होते, हे आमच्या केंद्रात रोज ऐकायला मिळते. फोनवरून संशय घेऊन मारहाण, ही आता नेहमीची तक्रार आहे. अशा घरातल्या बाईला ‘तू मागे राहशील’ म्हणणे म्हणजे धावण्याच्या शर्यतीत पाय बांधलेल्या बाईला जोरात पळ म्हणणे आहे.

बाईची वाढ कशी होते याचा एक वेगळा दाखला आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला-सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर सही करणाऱ्या बाया निरक्षर होत्या. बाया घरी आल्या आणि वाचायला-लिहायला शिकू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की वाचता येत नसले तरी मोजता येते. कुठल्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही तसेच सांगायला लावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीत दोन्ही आहे. बाया शिकल्या, म्हणजे स्वतःत बदल केला. आणि जी परीक्षा घेतली जात होती तिचाच प्रश्न बदलून घेतला. नुसते पहिले केले असते तर ती व्यक्तिमत्त्व विकासाची गोष्ट झाली असती. दुसरे केले म्हणून ती नेतृत्वाची गोष्ट झाली. एआयच्या प्रशिक्षणात पहिलेच शिकवतात, दुसऱ्याचा उल्लेखही नसतो.

नेतृत्व म्हणजे ‘नाही’ म्हणता येणे

आपल्याकडे एआय मोठ्या कार्यालयांतून येईल अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ते गरीब बाईच्या दारात आधीच आले आहे, आणि तिने बोलावले म्हणून आलेले नाही.

अंगणवाडीचेच पाहा. २०२१ मध्ये केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट होते, मेमरी पुरत नव्हती, बिघडले तर भुर्दंड सेविकेला, आणि ॲप इंग्रजीत. त्यांची मागणी साधी होती : चांगला फोन द्या, मराठी ॲप द्या. वर्तमानपत्रांनी ती ‘तंत्रज्ञानाला विरोध’ म्हणून छापली असेल तर छापो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला तो तंत्रज्ञानविषयक नेतृत्वाचा सगळ्यात चांगला धडा आहे. जिच्या हातून माहिती भरली जाते तीच सांगत होती की हे साधन कामाचे नाही.

मग १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा यंत्राने ओळखणे बंधनकारक झाले. गरोदर बाईचा, बाळंतिणीचा, लेकराच्या आईचा चेहरा. ओळखीची सेविका समोर बसलेली असते, तिने त्या बाईचे पोट महिन्यागणिक वाढताना पाहिलेले असते. तरी यंत्र ‘हो’ म्हणेपर्यंत पाकीट द्यायचे नाही. नेटवर्क नसेल, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा असेल, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला असेल आणि तो ऊसतोडीला किंवा पुण्याला असेल, तर बोलणी सेविकेने खायची. माणसाने माणसाला ओळखणे हा पुरावा राहिला नाही, हे मला चेहरा-ओळखीतले सगळ्यात मोठे नुकसान वाटते.

ही यंत्रे सगळ्यांना सारखी पाहत नाहीत, हेही स्त्रियांनीच दाखवून दिले. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी, चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याहून कमी. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत. अंगणवाडीतली प्रणाली वेगळी आहे, तिच्या चुका वेगळ्या असतील. पण प्रश्न तोच विचारायला हवा : ही तपासली कुणी आणि कुणाच्या चेहऱ्यांवर?

शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली सरकारी खात्यांतली माहिती आपोआप जुळवते आणि कोण रेशनला पात्र, कोण नाही हे सुचवते. नाव सारखे निघाले म्हणून गरीब बाईच्या नवऱ्याच्या नावावर मोटार दाखवली गेली आणि रेशन बंद झाले, अशी प्रकरणे पत्रकारांनी बाहेर काढली. रद्द झालेल्या कार्डांची संख्या लाखांत होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की घरोघर जाऊन पडताळणी करा. आपल्याकडे लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी बायांनी रात्र-रात्र फोन धरून ओटीपीची वाट पाहिली. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधे संगणकच होते. पण ‘यंत्रात बसत नाही’ एवढ्या एका वाक्याने कुणाचा हक्क थांबतो आणि खिडकीमागचा माणूस ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणून मोकळा होतो, याची ती रंगीत तालीम होती.

म्हणून नेतृत्वाची माझी व्याख्या बदलली आहे. ॲप सफाईने वापरणारी बाई नेता असू शकते. पण ‘हे ॲप इथे नको, नकार मिळाला तर कारण लेखी द्या, दाद कुठे मागायची त्या माणसाचे नाव सांगा’ असे म्हणणारी, आणि तिच्यासारख्या पन्नास जणींना घेऊन तहसीलवर जाणारी बाई नक्कीच नेता आहे. या कामासाठी कुठले प्रमाणपत्र लागत नाही.

नावीन्य वरून येत नाही

‘नवोपक्रम’ म्हणून प्रशिक्षणात आम्हाला ड्रोन दीदीची चित्रफीत दाखवली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत देशभरातल्या १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे होते. बाई ड्रोन उडवते आहे हे चित्र मलाही आवडते. पण माझ्या शेजारी बसलेली भूमिहीन मजूर बाई हळूच म्हणाली, “मंग आमची फवारणीची हजेरी?” ड्रोन गटाच्या नावावर, शेत पुरुषाच्या नावावर आणि हजेरी बुडाली हिची. नावीन्याचा हिशेब मांडताना हा रकाना कुणी ठेवत नाही.

चळवळीने नवे काही केले नाही असे थोडेच आहे? स्त्रीमुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणले आणि हुंडा, जन्म, बाईपण या विषयांवर गावोगाव बोलणे सुरू झाले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली आणि ‘चोर’ म्हणून हटकली जाणारी बाई शहराची कामगार झाली. ओळखपत्र ही किती साधी वस्तू! पण तिने पोलिसाचे आणि घरमालकिणीचे डोळे बदलले. याला मी नवोपक्रम म्हणते.

संगणकाशी आपले नाते जोडणारा एक दाखला तर फारच मोलाचा आहे. १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम सुरू केले. गावागावांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या आणि संगणकावर सूचीबद्ध केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, अनेकींचा फोटोही आहे. म्हणजे गरीब बाईचा शब्द यंत्रात जाऊ शकतो आणि तरीही तिचाच राहू शकतो. त्यासाठी तिच्या उंबऱ्यावर बसून, विचारून, नाव लिहून घेणारी माणसे लागतात. अक्कांच्या बाबतीत मी नेमके उलटे केले. जिथे नाव लपवायचे तिथे दिले आणि जिथे श्रेय द्यायचे तिथे पुसले.

एका तरुण मैत्रिणीचा आक्षेप

हे सगळे मी आमच्या बैठकीत मांडले तेव्हा आमची सर्वांत तरुण कार्यकर्ती चिडली. ती तेवीस वर्षांची आहे, दलित वस्तीतून आली आहे, घरातली पहिली पदवीधर. ती म्हणाली, “ताई, तुम्ही एमएसडब्ल्यू केलंय. तुम्हाला इंग्रजी येतं. अहवाल तुम्ही लिहिता, मीटिंगला मुंबईला तुम्ही जाता. मी पाच वर्षं केसेस करते, पण ईमेल लिहायचा म्हटलं की तुमच्या तोंडाकडं बघायचं. या यंत्रानं पहिल्यांदा माझ्या चुकांना कुणी हसलं नाही. आणि आता तुम्ही म्हणता वापरू नको?”

मला उत्तर सुचले नाही, कारण ती खरे बोलत होती. इंग्रजी ही आपल्या संस्थांतली अदृश्य जात आहे. वरच्या जागांवर कोण आणि क्षेत्रात उन्हातान्हात कोण, हे अनेकदा त्यावरून ठरते. ज्या यंत्राने माझी मक्तेदारी मोडली, त्याच्यावर मी तत्त्वाचा मुद्दा म्हणून टीका करत होते की माझी जागा हलली म्हणून, हे मला स्वतःला विचारावे लागले. प्रामाणिक उत्तर : दोन्ही थोडे थोडे.

म्हणून ‘वापरू नका’ हा या लेखाचा निष्कर्ष नाही. शासन निर्णयाची जड भाषा सोपी करून घ्यायला, माहिती अधिकाराच्या अर्जाचा कच्चा मसुदा करायला, ज्यांना टाइप करता येत नाही त्यांचे बोलणे लिहून घ्यायला हे साधन उपयोगी पडते. पण डोळे उघडे ठेवून. मी इंग्रजीतले माझे अनुभव मराठीत करायला सांगितले की कितीदा ‘मी गेलो, मी म्हणालो’ असे येते. मराठीत क्रियापदालाही लिंग आहे, आणि लिहिणारा पुरुष असणार हे यंत्राने गृहीत धरलेले असते. एका बाईच्या तक्रारीबद्दल विचारले तर त्याने कलम ४९८अ लावायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यानंतरच्या छळाला कलम ८५ लागते. शिवाय त्याने तिला खासगी वकील गाठायचा सल्ला दिला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, हे त्याने आपणहून सांगितले नाही. हे सगळे ते इतक्या गोड आणि ठाम भाषेत सांगते की नव्या कार्यकर्तीला शंकाच येऊ नये. आमच्या त्या तरुण मैत्रिणीनेच ही ४९८अ ची चूक पकडली. तेव्हा ती म्हणाली, “याला भाषा येते, केस येत नाही.” याहून नेमके मला सांगता येणार नाही.

आम्ही ठरवलेले नियम

चार बैठका झाल्या, वाद झाले, रुसवे झाले. शेवटी आमच्या केंद्रापुरते काही नियम आम्ही भिंतीवर लावले. ते अंतिम नाहीत, पण इतर गटांना उपयोगी पडतील म्हणून देते.

१. कुठल्याही बाईचे नाव, गाव, फोन, फोटो, मुलांची शाळा, वैद्यकीय माहिती यंत्रात जाणार नाही. केस फाईल तर नाहीच. नाव बदलले तरी गोष्टीवरून गावात ओळख पटते, हे लक्षात ठेवायचे.

२. बाईची गोष्ट बाहेर जाणार असेल तर तिला आधी तिच्या भाषेत वाचून दाखवायची. ती ‘नको’ म्हणाली तर नको. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत आणि टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण संमतीसाठी आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

३. कायदा, औषध आणि सुरक्षितता या तीन बाबतींत यंत्राचे उत्तर माणसाने तपासल्याशिवाय बाईपर्यंत जाणार नाही. मध्यरात्री मार खाल्लेल्या बाईला १८१ हा क्रमांक आणि शेजारीण लागते, उत्तम लिहिलेला परिच्छेद नाही.

४. यंत्र शिकायचे तर सगळ्यांनी, आणि एकत्र बसून. आठवड्यातून एक दुपार. सफाई करणाऱ्या मावशीसुद्धा त्यात असतील. एकट्या-एकट्याने शिकले तर पुन्हा एक नवी ‘इंग्रजी येणारी’ तयार होते.

५. यंत्राने वाचवलेला वेळ कुठे गेला ते महिन्याच्या बैठकीत सांगायचे. तो वेळ आणखी एका अहवालात गेला तर आपण फसलो. तो बाईच्या घरी जाण्यात, तिच्या नणंदेशी बोलण्यात गेला तर कमावला.

पाचवा नियम पाळणे सगळ्यात अवघड जाते आहे, हे कबूल करते. दोन तास वाचले की कार्यालय तीन तासांचे काम पाठवते. गिरणीतल्या बायांचा, शेतातल्या बायांचा हा जुनाच अनुभव आहे. यंत्र आले, कष्ट कमी झाले नाहीत, अपेक्षा वाढल्या. तेव्हा हा प्रश्न एका केंद्राच्या भिंतीवर सुटणार नाही. देणगीदारांशी, शासनाशी आणि आपल्याच संस्थाचालकांशी तो भांडून सोडवावा लागेल.

अक्कांची गोष्ट मी पुन्हा लिहिली. या वेळी हाताने, मोडक्या इंग्रजीत. आमच्या तरुण मैत्रिणीने ती सुधारली. नणंद आली, माळा आला, सात बाया आल्या. आमची संस्था शेवटच्या परिच्छेदात आली, जिथे ती खऱ्या आयुष्यात आली होती. देणगीदारांकडून उत्तर आले की गोष्ट चांगली आहे, पण त्यात संस्थेची भूमिका ठळक करावी. आम्ही नकार कळवला. पुढच्या वर्षीच्या पैशांचे काय होईल ते अजून कळायचे आहे.

अक्कांना दुसरा मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता बरं झालं. हे तिलाबी वाचून दाखवा, तिला ठावंच न्हाई तिनं काय केलं ते.” गेल्या महिन्यात आम्ही त्या नणंदेला भेटायला गेलो. ती सध्या आमच्या गटाच्या बैठकीला येते, अजून फारशी बोलत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात, अंगणवाडीत, केंद्रात, पंचायतीत ही यंत्रे कुठल्या दाराने आली? कुणाला विचारून आली? तुम्ही कुठे ‘हो’ म्हणालात, कुठे ‘नाही’ म्हणालात आणि त्याचे काय झाले? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. लिहिता येत नसेल तर बोला, आम्ही लिहून घेऊ, आणि तुम्हाला वाचून दाखवू.